'जीबीएस पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट आला आहे. प्रसूतीपूर्वी नेमके काय विचारून ठेवावे?

शेवंती (मूळ धागा)

मी न्यू जर्सीत राहते. हे माझे दुसरे बाळंतपण असून सदतिसावा आठवडा नुकताच लागला आहे. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी योनिमार्गाच्या तोंडाशी आणि गुदद्वारातून कापसाची एकच काडी फिरवून नमुना घेतला होता, आणि काल रुग्णालयाच्या ॲपवर 'ग्रुप बी स्ट्रेप: पॉझिटिव्ह' एवढी एकच ओळ येऊन पडली. बाळंतपणासाठी सांगलीहून आई आली आहे. मी तिला 'जीबीएस' असे म्हटले आणि चूक केली, कारण जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जी साथ आली होती, तिच्या बातम्यांतून तिला हा शब्द माहीत होता. रात्रीपर्यंत घरातले सगळे पाणी उकळून गार झाले होते. ती साथ गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची होती आणि इथे केवळ इंग्रजी आद्याक्षरे जुळतात, हे तिला पटवून देण्यात अर्धा तास गेला.

आता माझे प्रश्न. पहिली मुलगी पुण्यात झाली, तेव्हा ही तपासणी कोणीच केली नव्हती. तो हलगर्जीपणा होता का? जंतू सापडलाच आहे, तर औषध आजच का देत नाहीत, कळा सुरू होण्याची वाट का पाहायची? लहानपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शनानंतर माझ्या अंगावर पुरळ आले होते, असे आई सांगते. त्याचे काय करावे? आणि पहिल्या वेळी कळा सुरू झाल्यापासून पाच तासांत मोकळी झाले होते, त्यामुळे या वेळी औषधाला पुरेसा वेळ मिळेल की नाही, याची मला खरी काळजी आहे.

काचपट्टी

मी पुण्यात एका खासगी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करते आणि असे नमुने आमच्याकडे येतात. त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. उपचाराचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

हा जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस अगॅलेक्टिए. 'अगॅलेक्टिए' या नावातच दूध आटण्याचा उल्लेख आहे, कारण आधी तो गाईंच्या कासेला सूज आणणारा जंतू म्हणून ओळखला गेला. रेबेका लान्सफील्ड यांनी १९३३ साली या कुळातील जंतूंची अ, ब, क अशी गटवारी मांडली, त्यातला हा 'बी' गट. घसा धरणारा स्ट्रेप तो 'ए' गटाचा. दोघांचा गोंधळ करू नये. निरोगी स्त्रीच्या आतड्यात आणि योनिमार्गात हा जंतू गुपचूप राहतो, कधी असतो, कधी नसतो. तो लैंगिक आजार नाही, अस्वच्छतेचे लक्षण नाही आणि तुम्ही आजारी आहात असाही त्याचा अर्थ नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक संकलनानुसार सुमारे १८ टक्के गर्भवती स्त्रिया त्याच्या वाहक असतात, तर दक्षिण आशियात हे प्रमाण साधारण साडेबारा टक्के आहे.

धोका आहे तो बाळाला, आणि तोही मुख्यतः प्रसूतीच्या वेळी. काहीच केले नाही तर वाहक असलेल्या शंभर मातांपैकी साधारण पन्नास जणींच्या बाळांच्या अंगावर हा जंतू येतो, आणि त्यांपैकी एखाद-दोन बाळे पहिल्या आठवड्यात, बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांतच, खरोखर आजारी पडतात. आकडा लहान दिसतो. पण तो आजार म्हणजे रक्तातला संसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर असतो. म्हणून एवढा खटाटोप.

औषध आजच का नाही, याचे उत्तर जंतूच्या मुक्कामाच्या जागेत आहे. त्याचे घर आतड्यात आहे. आज गोळ्या घेऊन योनिमार्गातला जंतू नाहीसा झाला, तरी प्रसूतीपर्यंत तो तिथे परत येऊन बसलेला असतो. आपल्याला जंतूचा समूळ नायनाट करायचा नसून, बाळ जन्माच्या वाटेवर असताना त्याच्या रक्तात आणि गर्भजलात पेनिसिलिन असेल एवढेच पाहायचे आहे. म्हणून कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर शिरेतून पहिला डोस ५० लाख युनिटचा आणि नंतर दर चार तासांनी २५ ते ३० लाख युनिटचा, बाळ होईपर्यंत. पहिला डोस जन्माच्या किमान चार तास आधी गेला, तर तो पुरेसा धरला जातो. कळा सुरू होण्यापूर्वी, पाणी न जाता ठरवून सिझेरियन झाले, तर केवळ या जंतूसाठी हे औषध लागत नाही.

मात्र दोन बाबतींत अहवालाची वाट पाहत नाहीत: आधीच्या बाळाला हा आजार झाला असेल, किंवा या गरोदरपणात कोणत्याही महिन्यात लघवीच्या तपासणीत हाच जंतू वाढला असेल, तर काडीची तपासणी न करताच प्रसूतीच्या वेळी औषध देतात.

पुरळाविषयी आताच बोला, कळा सुरू झाल्यावर नव्हे. लहानपणी पुरळ आले म्हणून 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का बसलेल्या दहापैकी नऊ जणांना तपासणीअंती खरी ॲलर्जी नसते, आणि ही तपासणी गरोदरपणातही सुरक्षितपणे करता येते. ॲलर्जी सौम्य असेल तर सेफाझोलिन देतात. गंभीर असेल तर क्लिंडामायसिन, पण तुमच्या अंगातला जंतू त्याला दाद देतो हे प्रयोगशाळेने आधी दाखवून दिलेले असेल तरच, नाहीतर व्हॅन्कोमायसिन. 'रुग्णास पेनिसिलिनची ॲलर्जी आहे' असे नमुन्यासोबतच्या कागदावर लिहिलेले नसेल, तर आमच्याकडे क्लिंडामायसिनची चाचणी लावलीच जात नाही. कागदावरची ती एक ओळ राहिली की पुढची धावपळ मध्यरात्री लेबर रूममध्ये होते.

पुण्यातल्या पहिल्या बाळंतपणाविषयी: भारतात प्रत्येक गर्भवतीची ही तपासणी करावी असे राष्ट्रीय धोरण नाही. काही शहरी खासगी रुग्णालये करतात, बहुतेक ठिकाणी करत नाहीत. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना मी हलगर्जी म्हणणार नाही.

लिंबलोण

काचपट्टीताई, धन्यवाद. अमेरिकेतल्या गर्भवतींच्या गटांत लसणाची पाकळी योनिमार्गात ठेवल्याने हा जंतू जातो असे पुष्कळ जणी लिहितात. आपल्याकडे लसूण औषधी मानतातच, म्हणून विचारते, त्यात काही तथ्य आहे का?

काचपट्टी

लसूण फोडणीत घाला. त्याने जंतू हटतो याचा विश्वसनीय पुरावा नाही, आणि काडीने नमुना घेण्याच्या एक-दोन दिवस आधी असे काही केले तर अहवाल तेवढ्यापुरता खोटा निगेटिव्ह येऊन खरे औषध चुकण्याचीच शक्यता अधिक. लसणाचे सोडा, क्लोरहेक्सिडीन या रुग्णालयांतल्या खात्रीच्या जंतुनाशकाने प्रसूतीच्या वेळी योनिमार्ग पुसून पाहण्याचा मोठा प्रयोग दक्षिण आफ्रिकेत सोवेटो येथे झाला होता. त्यात आठ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या आणि निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. नवजात बाळांतील संसर्ग त्याने कमी झाला नाही.

लेस्टरकर

इथे ब्रिटनमध्ये नेमके उलट धोरण आहे, म्हणून लिहितो. माझ्या पत्नीने मिडवाइफकडे ही तपासणी मागितली, तेव्हा सरकारी आरोग्यसेवा ती सरसकट करत नाही असे उत्तर मिळाले. इथे जोखीम पाहून ठरवतात: आधीचे बाळ आजारी पडले होते का, या गरोदरपणात जंतू योगायोगाने सापडला आहे का, दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या आहेत का, प्रसूतीच्या वेळी ताप आहे का. मागच्या गरोदरपणात जंतू सापडला असेल, तर या वेळीही तो असण्याची शक्यता साधारण निम्मी धरतात आणि शेवटच्या आठवड्यांत तपासणी किंवा थेट औषध यांपैकी एकाचा पर्याय देतात. २०१७ सालच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत तसे आहे.

सरसकट तपासणी न करण्यामागे त्यांचा युक्तिवाद असा की, छत्तिसाव्या आठवड्यात पॉझिटिव्ह असलेल्या अनेक स्त्रिया प्रसूतीपर्यंत निगेटिव्ह होतात आणि एका बाळाला वाचवण्यासाठी पुष्कळ जणींना विनाकारण प्रतिजैविक द्यावे लागते. मला हा युक्तिवाद समजतो, पण पटत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या आठवड्यातल्या या आजाराचे प्रमाण दर हजार जन्मांमागे १.७ च्या आसपास होते. १९९६ साली प्रतिबंधाची मार्गदर्शक तत्त्वे आली, २००२ साली सर्व गर्भवतींची तपासणी सुरू झाली आणि २०१५ च्या सुमारास ते प्रमाण ०.२३ वर आले. त्याच सुमारास ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ते ०.५७ होते. दोन देशांची तुलना इतकी सरळ नसते हे मान्य, तरी बापाच्या डोळ्यांना हेच आकडे दिसतात. आम्ही शेवटी पैसे भरून टपालाने मिळणारी चाचणी केली. ती निगेटिव्ह आली.

रातपाळी

मी नाशिकमध्ये नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वरचे सगळे वाचले. पण भारतात बाळंतपण असलेल्या भगिनींसाठी एक वेगळी बाजू मांडणे आवश्यक वाटते.

आमच्याकडे नवजात बाळाच्या रक्तातल्या संसर्गाचा विषय निघाला की जीबीएसचे नाव पहिले येत नाही. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा जो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात सर्वाधिक आढळलेले जंतू असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे होते, आणि त्यांतले बरेचसे अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे. त्यामुळे 'माझी जीबीएस टेस्ट निगेटिव्ह आहे, आता काळजी नाही' असे कोणी म्हणू लागले की मी अस्वस्थ होते. काडी एकाच जंतूचा प्रश्न विचारते आणि एकाच जंतूचे उत्तर देते. खुद्द अमेरिकेतसुद्धा आता या आजाराची बाळे सापडतात, त्यांतल्या पुष्कळशा मातांचा अहवाल निगेटिव्ह आलेला असतो.

म्हणून तपासणी केलेली असो वा नसो, तीन गोष्टी लेबर रूममध्ये पोहोचताक्षणी स्वतःहून सांगाव्यात: पाणी कधी गेले त्याची घड्याळातली वेळ, ताप आला होता का, आणि किती आठवडे पूर्ण झाले आहेत. पाणी जाऊन अठरा तास झालेले असणे, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, आणि सदतीस आठवड्यांआधीची प्रसूती, या तिन्हींत बाळाचा धोका वाढतो. 'सकाळी कधीतरी गेले' हे उत्तर आमच्या उपयोगाचे नसते.

बाळाकडे पाहताना काय पाहावे, हेही लिहिते. श्वास मोजायचा तर बाळ झोपलेले असताना अंगावरचे दुपटे बाजूला करून पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावा. मिनिटाला साठाहून अधिक श्वास वारंवार भरत असतील, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येत असेल, नाकपुड्या फुलत असतील किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर थांबू नये. ताप येतोच असे नाही. उलट अंग गार पडणे हे लहान बाळात तितकेच वाईट. आणि सर्वांत फसवे लक्षण म्हणजे शांत बाळ. भेटायला आलेले नातेवाईक 'किती गुणी आहे, रडतच नाही' असे कौतुकाने म्हणतात, आणि आम्ही त्या बाळाने शेवटचे दूध कधी ओढले ते विचारतो.

गोधडी

रातपाळीताईंचे शेवटचे वाक्य वाचून लिहायचे ठरवले. आमचे बाळ चोवीस दिवसांचे होते. बारसे होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. माझी तपासणी झाली होती, ती पॉझिटिव्ह होती, कळा सुरू झाल्यावर औषधाचे दोन डोसही वेळेत मिळाले होते, आणि त्यामुळे हा विषय संपला असे आम्ही सर्वांनी धरले होते. त्या दिवशी दुपारपासून बाळ दूध पिताना मध्येच सोडून देत होते. संध्याकाळी त्याचे रडणे नेहमीचे राहिले नाही, बारीक आणि एका सुरातले झाले. ज्या रुग्णालयात आम्ही आधी गेलो, तिथे पोटात वारा धरला असेल असे सांगून थेंब देऊन परत पाठवले. रात्री अकराला टाळू वर आलेली दिसली, तेव्हा दुसरीकडे नेले. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासले आणि मेंदूज्वराचे निदान झाले. त्यात हाच जंतू वाढला.

मला तोपर्यंत कोणीही सांगितले नव्हते की प्रसूतीच्या वेळचे औषध पहिल्या आठवड्यातला आजार टाळते, पण सातव्या दिवसानंतर तीन महिन्यांपर्यंत होणारा आजार त्याने टळत नाही. प्रसूतीचा कागद हातात घेऊन जर मी पहिल्याच डॉक्टरांना 'मी वाहक होते' असे सांगितले असते, तर कदाचित चार-पाच तास वाचले असते. बाळ आता सव्वा वर्षाचे आहे. चालते. ऐकण्याची तपासणी दर सहा महिन्यांनी करायची आहे.

काचपट्टी

गोधडी, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. यात भर एवढीच की, या मेंदूज्वरातून वाचलेल्या बाळांपैकी साधारण तिघांत एकाला पुढे वाढीच्या किंवा हालचालीच्या कमी-अधिक अडचणी राहतात, म्हणून ऐकणे, पाहणे आणि विकास यांच्या तपासण्या बाळ अगदी ठणठणीत दिसले तरी चुकवू नयेत. उशिराचा आजार टाळण्यासाठी आज हाती काही नाही. गरोदरपणात आईला द्यायच्या लसीवर काम चालू आहे. सहा उपप्रकारांविरुद्धच्या एका लसीची दक्षिण आफ्रिकेतील चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, आणि तीत आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळापर्यंत पोहोचल्याचे दिसले. पण ती लस अद्याप दवाखान्यात मिळत नाही.

स्तनपानाविषयी कोणी विचारण्याआधीच लिहिते: आई वाहक आहे म्हणून अंगावरचे दूध बंद करण्याचे कारण नाही.

शेवंती

सर्वांचे आभार. अडतिसाव्या आठवड्याच्या चौथ्या दिवशी मुलगा झाला.

ॲलर्जीची तपासणी मी लगेच करून घेतली होती. हातावर बारीक टोचण्या, मग तोंडाने एक डोस आणि तासभर बसून राहणे. काहीही झाले नाही आणि माझ्या नावापुढचा तो जुना शिक्का पुसला गेला. कळा रात्री एकच्या सुमारास सुरू झाल्या. नेहमीप्रमाणे 'जरा वेळ पाहू' असे न म्हणता आम्ही तडक निघालो, मी दारातच 'ग्रुप बी स्ट्रेप पॉझिटिव्ह, पेनिसिलिन चालते, मागचे बाळंतपण लवकर झाले होते' ही तिन्ही वाक्ये एका दमात म्हणून टाकली, आणि दोन वाजून पस्तीस मिनिटांनी सलाईनमधून पहिला डोस सुरू झाला. बाळ पाच पन्नासला आले. म्हणजे सव्वातीन तास. चार भरले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितले की बाळ दिसायला उत्तम असल्यामुळे लगेच सुया टोचणार नाहीत, पण छत्तीस ते अठ्ठेचाळीस तास रुग्णालयातच नजरेखाली ठेवतील. परिचारिका ठरावीक वेळी येऊन बाळाचे तापमान, नाडी आणि श्वास लिहून नेत असत. आईचा त्यावर विश्वास नव्हता असे नाही, परंतु रातपाळीताईंचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला होता, त्यामुळे ती स्वतःच दुपटे बाजूला करून मोजत असे आणि डिंकाच्या लाडवांच्या डब्यावरच्या कागदावर पेन्सिलने आकडे मांडत असे: ४८, ५२, ४४, पुन्हा ४८. परवा आम्ही घरी आलो.

आईचा एक प्रश्न आहे. माझ्या वहिनीला सांगलीत सातवा महिना चालू आहे आणि तिच्या डॉक्टर तपासणी करायला तयार आहेत, पण नमुना दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत जाईल. कागदावर नेमके काय लिहायला सांगावे?

काचपट्टी

अभिनंदन! वहिनींसाठी लिहिते. नमुना छत्तीस आठवडे पूर्ण झाल्यावर घ्यावा, कारण अहवाल साधारण पाच आठवडेच ग्राह्य धरतात. आता सातव्या महिन्यात घेतला तर प्रसूतीपर्यंत तो शिळा होईल.

आपल्याकडे सवयीने 'हाय व्हजायनल स्वॅब' असे लिहिले जाते, आणि तिथेच चूक होते. वर गर्भाशयाच्या तोंडाशी नमुना घेऊन उपयोग नाही. काडी योनिमार्गाच्या खालच्या भागातून आणि मग तीच गुदद्वाराच्या आत फिरवलेली हवी. म्हणून कागदावर 'योनिमार्ग व गुदद्वार, जीबीएस स्क्रीनिंग, एनरिचमेंट ब्रॉथसह' असे स्पष्ट लिहावे, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेही, आणि काडी वाहतुकीच्या माध्यमात घालून चोवीस तासांच्या आत पोहोचवावी. 'एनरिचमेंट ब्रॉथ' या शब्दांवर माझा भर आहे. आतड्यातल्या इतर जंतूंच्या गर्दीत हा दबून जातो. इतरांना रोखणारी औषधे घातलेल्या रश्शात काडी रात्रभर ठेवली, की दुसऱ्या दिवशी तो मोकळा वाढतो. काडी थेट जंतू वाढवण्याच्या प्लेटवर फिरवली तर वाहक असलेल्या पुष्कळ जणी निगेटिव्ह ठरतात.

प्लेटवर तो करड्या, ओलसर ठिपक्यांसारखा दिसतो आणि भोवती रक्त विरघळल्याची अगदी अरुंद कड असते, इतकी अरुंद की घाईत नजरेतून सुटते. मग स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जंतूच्या रेघेला काटकोनात त्याची रेघ ओढून ठेवतो. दोन्ही रेघा जिथे जवळ येतात तिथे बाणाच्या टोकासारखा स्वच्छ त्रिकोण उमटला, की ओळख पटली. १९४४ पासून चालत आलेली ही चाचणी आहे. हे सगळे होऊन अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढे धरून चालावे.

आणि अहवाल आला की तो डॉक्टरांच्या फाइलमध्ये राहू देऊ नका. त्याची एक प्रत वहिनींच्या बॅगेत, बाळाच्या लंगोटांच्या वर ठेवा, कारण बाळंतपणाच्या रात्री ड्यूटीवर कोण असेल ते सांगता येत नाही.